इंजिनाखालचं रबर

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर पिकअप गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी दहा-पंधरा वर्षं राबलेली महिंद्राची गाडी उभ्या-उभ्या चालू असली, तर जरा जवळ जाऊन बघावं. बॉनेट थरथरतंय, गिअरचा दांडा थाऱ्यावर नाही, आरशात मागचं काही धड दिसत नाही. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणतो, "डिझेल गाडी आहे, हलणारच." इंजिन हलणार हे खरंच, पण ती थरथर केबिनपर्यंत पोचू नये म्हणून त्याच्या खाली रबराची बैठक दिलेली असते. गॅरेजात तिला फाउंडेशन म्हणतात. पुढे इंजिनाच्या दोन बाजूंना एकेक आणि मागे गिअरबॉक्सखाली एक, एवढ्यावर दोन-अडीचशे किलोंचं ते धूड चासीवर बसलेलं असतं.

दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये उष्णतेने पक्का चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढंच त्याचं रूप. काम मात्र अवघड. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आयडलिंगला मिनिटाला साडेसातशे फेरे धरले, तर सेकंदाला 25 धक्के. ते गिळायला रबर मऊ हवं. पण भरल्या गाडीने चढावर पहिला गिअर टाकला की तेच इंजिन अख्खं एका अंगावर कलंडू बघतं. तेव्हा त्याला धरून ठेवायला रबर कडक हवं. यावर तोडगा म्हणून पुष्कळ गाड्यांत पुढची दोन्ही फाउंडेशन तिरकी बसवतात. रबर दाबलं तर ताठ राहतं, आडवं सरकवलं तर सहज लवतं. तिरकं बसवलं की एकाच ठोकळ्याकडून दोन्ही कामं होतात. मला हा तोडगा फार देखणा वाटतो.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत इंजिन थेट चासीला बोल्टांनी आवळलेलं असे, आणि त्याची थरथर बसणाऱ्याच्या हाडापर्यंत पोचत असे. 1931 साली अमेरिकेत क्रायसलरने प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर असं तोललं, की ते स्वतःच्याच वजनाच्या मध्यरेषेभोवती डुलेल. ही रचना 'फ्लोटिंग पॉवर' नावाने गाजली. पुढे फ्रान्सच्या सित्रोएनने तिचे हक्क घेतले आणि जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस वापरला.

रबराचा खरा वैरी तेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपू लागलं की ऑइल ओघळत ब्रॅकेटवर उतरतं. नैसर्गिक रबर ते पितं, फुगतं, आणि बोटाने दाबलं तर लोण्यासारखं खचतं. त्यात सायलेन्सरच्या बाजूची धग. भरीला अर्ध्या क्लचवर लोड उचलायची सवय. पहिल्या गिअरात इंजिनाचा जोर काही पटींनी वाढून चाकांकडे जातो आणि तेवढाच उलटा पीळ फाउंडेशनवर येतो. उभ्या बसवलेल्या नेहमीच्या इंजिनात पुढे जाताना क्लीनर साइडचं रबर ओढलं जातं, रिव्हर्सला ड्रायव्हर साइडचं. म्हणून मिस्त्री दोन्ही गिअर टाकायला लावतो. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, बॉनेट उघडं. समोर कोणी उभं राहायचं नाही. क्लच हळूच सोडताना इंजिन एका बाजूने उठलं आणि क्लच दाबताच धप्पकन बसलं, की निदान झालं. मी पाहिलेल्या एका गाडीत पट्टी आणि रबर यांच्यात बोट जाईल एवढी फट पडत होती. खालून बघताना ते रबर शाबूत दिसलं होतं.

फाटलेल्या फाउंडेशनवरही गाडी चालते, आणि तिथेच माणूस फसतो. इंजिन डुलत राहतं, त्याच्या ओढीने सायलेन्सरचा पाइप सांध्यात तडकतो, रेडिएटरचा होज ताणला जातो, पंखा त्याच्या घेराला घासू लागतो. मालक या एकेका गोष्टीवर पैसे घालत बसतो. काही जण जुन्या टायरचा तुकडा कापून फटीत कोंबतात. धप्प आवाज थांबतो, पण टायरच्या त्या तुकड्यात दोऱ्याचे थर असतात. तो हवा तसा लवत नाही, आणि थरथर सरळ चासीत उतरते. एका दिवसाची नड भागेल, त्यापुढे तो उपाय नको.

बदलायचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. आधी गळती बंद करायची, नाहीतर नवं रबरही त्याच वाटेने जाईल. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. जॅक थेट ऑइल चेंबरला लावला तर पत्रा चेपतो आणि आतल्या जाळीला ऑइल खेचता येत नाही. म्हणून मध्ये जाड फळी, किंवा वरून चेन पुली. इंजिन जेमतेम इंचभर उचलायचं, तेही होज, पंखा आणि तारांवर नजर ठेवून. गंजलेले बोल्ट आदल्या रात्री गंजतेलात भिजवले असतील तर तुटत नाहीत. अधांतरी इंजिनाखाली हात घालायची वेळ आली, तर जॅकवर विसंबू नये. खाली घोडा हवाच.

तिन्ही एकदम बदलावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच नवं टाकलं तर थकलेल्या दोघांच्या वाटचा भार त्याच्यावर येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती आवळण्यात. इंजिन टांगलेलं असतानाच पाना मारला तर रबर पीळ पडलेल्या अवस्थेत अडकतं आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त हलते. मग नव्या मालाला शिव्या बसतात. बोल्ट आधी हातानेच फिरवून ठेवायचे, इंजिन पूर्ण खाली सोडायचं, पहारीने थोडं हलवून त्याला त्याच्या जागी बसू द्यायचं, आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचा कस द्यायचा. त्यानंतर पुन्हा पहिला गिअर, पुन्हा रिव्हर्स. चार-सहा भरलेल्या खेपा झाल्या की गाडी परत आणून बोल्ट तपासायचे; रबर थोडं दबलेलं असतं आणि एखादा नट पाव फेरा घेतोच.