न निवडलेल्या पर्यायाची जबाबदारी

संगणकावर फाइल ‘सेव्ह’ केली की ती डिस्कवर पोचली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती काही सेकंद मेमरीतच असते आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिला सवडीने डिस्कवर उतरवतो. त्यासाठी मोकळ्या जागेचा नकाशा, फाइलचे नाव, आकार आणि खुद्द मजकूर असे अनेक बदल वेगवेगळ्या जागी करावे लागतात. त्यांतले निम्मेच झाले आणि वीज गेली, तर सगळा हिशेब विस्कटतो. यावरचा उपाय म्हणजे जर्नलिंग. दुकानातला दिवाणजी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणी करतो. काम अर्धवट राहिले, तरी रोजकीर्द पाहून ते पुरे करता येते. लिनक्सच्या ‘एक्स्ट-२’ फाइल सिस्टिमला अशी सोय जोडण्याची रचना स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये मांडली आणि ‘एक्स्ट-३’ या नावाने ती नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नलच्या २.४.१५ या आवृत्तीत दाखल झाली. वीज गेल्यावर अख्खी डिस्क तपासत बसण्याची वेळ त्यामुळे टळली.

मात्र जर्नलमध्ये नेमके काय टिपायचे, हा प्रश्न उरतो आणि एक्स्ट-३ त्याची तीन उत्तरे देते. ‘जर्नल’ पद्धतीत मजकूरही आधी जर्नलमध्ये जातो. हे सुरक्षित आहे, पण सगळे दोनदा लिहावे लागते. ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलमध्ये फक्त रचनेच्या नोंदी जातात, पण त्या पक्क्या होण्याआधी मजकूर डिस्कवर पोचलेला असतो. ‘राइटबॅक’ पद्धत हा क्रम पाळत नाही. मग वीज गेल्यास फाइलचा आकार नवा दिसतो आणि आत मात्र त्या जागेवरचा जुना मजकूर सापडू शकतो, कदाचित दुसऱ्याच कोणी पुसून टाकलेल्या फाइलचा. फाइल सिस्टिमची रचना शाबूत राहते, पण माहिती बिघडते आणि गुप्तताही धोक्यात येते. तिन्ही पद्धती वैध आहेत. माझा मुद्दा एवढाच, की वापरणाऱ्याने काहीच निवडले नाही तर यांतली कोणती लागू व्हावी, हा निर्णय निव्वळ तांत्रिक नाही. तो दुसऱ्याच्या माहितीविषयी घेतलेला निर्णय आहे आणि तो सुरक्षिततेकडेच झुकला पाहिजे.

२००९ मध्ये हा वाद उघड झाला. माहिती तत्काळ डिस्कवर उतरवण्यासाठी प्रोग्रॅम कर्नलला ‘एफसिंक’ ही आज्ञा देतात. ऑर्डर्ड पद्धतीत तेवढ्या एका फाइलसाठी इतर फाइलींचा तुंबलेला मजकूरही आधी लिहावा लागे आणि संगणक कधी कधी काही सेकंद अडून बसे. ही तक्रार खरी होती. म्हणून २.६.३० आवृत्तीत एक्स्ट-३ची मूळ निवड राइटबॅक झाली आणि ती बदलण्यासाठी कर्नल बांधतानाच ठरवायचा एक पर्याय ठेवला गेला. त्या पर्यायासोबतच्या मदत-मजकुरात दोन्ही बाजूंचे धोके प्रामाणिकपणे सांगितले होते. पण तो मजकूर वाचतो कोण? कर्नल स्वतः बांधणारे मोजके लोक. ज्यांच्या फाइली पणाला लागतात, त्यांच्या नजरेस तो कधीच पडत नाही. २०१०च्या २.६.३६ आवृत्तीत ऑर्डर्ड हीच पुन्हा मूळ निवड झाली, हे मला योग्य वाटते.

यावर वजनदार आक्षेप असा, की माहिती जपणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम आहे. त्याने एफसिंक वापरले नाही, तर दोष कर्नलचा कसा? ‘एक्स्ट-४’ फाइल सिस्टिम मजकुराला डिस्कवर जागा देण्याचे काम मुद्दाम लांबवते. २००९च्या सुरुवातीला अशा यंत्रणा अचानक बंद पडल्यावर काहींच्या फाइली शून्य आकाराच्या झाल्या, तेव्हा तिचे प्रमुख देखभालकर्ते थिओडोर त्सो यांनी हाच युक्तिवाद केला. नियमांच्या दृष्टीने तो बरोबर होता. तरीही जुनी फाइल बदलून तिच्या जागी नवी ठेवण्याचा नेहमीचा प्रकार ओळखून मजकूर वेळेत डिस्कवर धाडण्याची व्यवस्था त्यांनीच कर्नलमध्ये केली. नियम पाळूनही माणसांचे नुकसान होत असेल, तर तेवढ्यावर थांबता येत नाही, हे त्या दुरुस्तीने मान्य केले.

मग धोक्याचे पर्याय काढूनच का टाकू नयेत? कारण गरजा खरोखरच वेगळ्या असतात. गूगलच्या अभियंत्यांनी एक्स्ट-४ जर्नलशिवाय चालवण्याची सोय तयार केली आणि ती २.६.२९ आवृत्तीत आली. माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतील, तर एका डिस्कचे जर्नल म्हणजे वाया जाणारा वेळ, हा हिशेब तिथे रास्त आहे. पण ज्याने तो मांडला, त्याला धोका ठाऊक होता आणि नुकसान भरून काढण्याची तयारीही त्याच्याकडे होती. घरच्या संगणकावर एकुलती एक प्रत ठेवणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. वेग हवा असणारा माणूस मंदपणा लगेच ओळखतो, कारण शोधतो आणि पर्याय बदलतो. सुरक्षितता हवी असणाऱ्याला तिचा अभाव फाइल गेल्यावरच कळतो आणि तोवर बदलण्यासारखे काही उरलेले नसते. या दोघांच्या स्थितीतला हा फरकच निर्णायक आहे. म्हणून वेगाचे पर्याय जरूर असावेत, पण ते मागून घ्यावे लागावेत. सुरक्षितता मात्र न मागता मिळाली पाहिजे.