थंडीच्या पहाटे लॉरी का अडते?

जुलै महिना आला की आपल्या मॉरिशसमध्ये दोन गोष्टी बरोबरच चालू असतात. शेतांत ऊसतोडणी, म्हणजे घरी आपण जिला 'लाकूप' म्हणतो ती, आणि क्युरपिप-वाक्वाच्या पठारावर बोचरी थंडी. या दोहोंच्या कचाट्यात सापडते ती उसाची लॉरी. पहाटे चार-पाचच्या सुमारास गल्लीत कान दिला तर ऐकू येते: स्टार्टर घरघरतो, इंजिन दोनदा ठसकते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो, सारी गाडी थरथरते आणि पुन्हा शांत होते. मग चालकाचे ठरलेले वाक्य येते, "थंडी फार पडली हो, गुरुजी!"

वाचकहो, थंडीवर हा आळ घेणे आम्हाला पटत नाही. पठारावर हिवाळ्याच्या पहाटे पारा साधारण १३-१४ अंशांवर असतो, एखाद्या रात्री त्याहून थोडा खाली जातो, इतकेच. एवढ्याशा गारव्याने डिझेल गोठत नाही. डिझेल गोठण्याची खरी अडचण लडाखसारख्या प्रदेशात. तिथल्या गाड्यांसाठी इंडियन ऑइल कंपनीने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल काढले. आपल्याकडे तसल्या तेलाची गरज नाही. निरोगी डिझेल इंजिन क्युरपिपच्या थंडीत पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यातच सुरू झाले पाहिजे. होत नसेल तर आत काहीतरी आधीच बिघडलेले आहे, थंडीने ते फक्त उघडे पाडले. म्हणूनच तीच लॉरी तामारिनला किनाऱ्यावर रात्रभर उभी केली तर सकाळी निमूट सुरू होते. चार-पाच अंशांचा फरक, पण कडेवर उभ्या असलेल्याला तेवढा धक्का पुरतो.

यामागचे कारण समजून घ्यायला हवे. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डीझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली, तेव्हापासून तत्त्व एकच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, इथे ती नाही. पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, त्याचेच हे मोठे रूप. तेव्हा हवा पुरेशी तापली नाही, किंवा डिझेल वेळेवर आणि बारीक फवाऱ्याने आले नाही, तर इंजिन कुरकुरणारच.

पहिली तपासणी कानाने करावी. स्टार्टर मंद फिरत असेल तर दाबली जाणारी हवा तापण्याऐवजी फटींतून निसटते आणि उष्णता थंड लोखंडात मुरते. आपल्याकडच्या बहुतेक जपानी लॉऱ्यांना बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्यात. रात्रभर विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. स्टार्टर फिरत असताना एखादी साडेनऊच्या खाली घसरत असेल तर दोष तिच्यात असू शकतो. मात्र नवी बॅटरी आणण्याआधी जोडण्यांवरचा पांढरा-हिरवा थर खरवडून पाहावा, आणि चेसिसला जाणारी तारही घट्ट करावी. पुष्कळ वेळा रोग तेवढाच असतो.

स्टार्टर जोमाने फिरतो, पण सुरू होताच गाडी खडखड हलते, अर्धा मिनिट पांढरा धूर ओकते आणि मग शहाण्यासारखी चालू लागते, हे लक्षण ग्लो प्लगचे. ज्या इंजिनांना हे प्लग असतात, त्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये विजेने लालभडक होणारी एक लहान कांडी असते. चारपैकी एक मेली की तीन सिलिंडर पेटतात, चौथा न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर टाकतो. तपासणे सोपे आहे. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी आणि गाडीच्याच व्होल्टचा एक दिवा बॅटरीच्या धन टोकापासून एकेका प्लगला लावावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे. मोठ्या इंजिनांत पुष्कळदा प्लगांऐवजी आत येणारी हवा तापवणारी जाळी असते, तिथे ती गरम होते का ते पाहावे.

तिसरा दोष सर्वांत लबाड, तो म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा. वाक्वातील आमच्या एका शेजाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. उसाच्या वाहतुकीवर घर चालणारे कुटुंब. लॉरी रोज पहाटे रुसू लागली, तेव्हा त्यांनी हप्त्याने दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी त्यांचा पुतण्या म्हणाला, "काका, आज रात्री गाडी उलटी लावून बघूया." रोज ती चढावर तोंड करून उभी असे. त्या रात्री उताराकडे तोंड केले. सकाळी लॉरी लगेच सुरू झाली, आणि खाली जमिनीवर डिझेलचा हाताएवढा डाग दिसला. फिल्टरजवळच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती. चढावर इंजिन टाकीपेक्षा उंच राही, त्या चिरेतून हवा आत शिरे आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरे. उतारावर टाकी उंच झाली, तेव्हा तेच डिझेल चिरेतून बाहेर ठिबकले. वीतभर नळीचे काम होते! तोवर दोन खेपा बुडाल्या होत्या. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असा नेम, कारण पुढे त्यातली साखर उतरत जाते. शिवाय जवळपासचे जुने कारखाने बंद झाल्याने आता खेप लांबची, म्हणून बुडालेली पहाट पूर्वीपेक्षा महाग पडते.

हे सारे ठीक असूनही इंजिन अडत असेल तर दाब मोजून घ्यावा. झिजलेल्या रिंगा हे कारण सर्वांच्या तोंडी असते, पण व्हॉल्व फार घट्ट बसवलेले असले तरी ते थंडीत पुरते मिटत नाहीत आणि दाब निसटतो. ते जुळवणे तासाभराचे काम, रिंगांचे काम मात्र हजारोंचे, म्हणून आधी व्हॉल्व पाहायला सांगावे. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि मग रिंगांचा संशय रास्त आहे.

टाकी रात्री अर्धी ठेवू नये. पठारावरची दमट हवा रिकाम्या जागेत गार होऊन पाणी सुटते आणि ते तळाशी बसते. फिल्टरखालचा पेला आठवड्यातून एकदा रिकामा करावा.

एक गोष्ट आम्हाला फार खटकते: हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याची सवय. ग्लो प्लग किंवा तापणारी जाळी लाल असताना ईथर आत गेला तर तो अवेळी भडकतो. पिस्टन फुटतो, कधी हवेच्या नळीचा स्फोट होऊन फवारा मारणाऱ्याचा चेहरा भाजतो. शेजारचा चालक मारतो म्हणून आपण मारू नये.

नव्या, संगणकावर चालणाऱ्या इंजिनांच्या डिझेल नळ्या तर घरी मुळीच सैल करू नयेत. त्यांतला दाब हजार बारच्याही वर जातो, बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तिथे गॅरेजवाल्याकडे जावे, मात्र जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: धूर कोणत्या रंगाचा होता, स्टार्टर जोरात फिरत होता की मंद, आणि लॉरी रात्री कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती.