रेंज गेली तरी स्क्रिप्ट चालू राहणार! 'नोहप' कमांड अशी वापरा

गावात रेंज कधी जाईल याचा नेम नाही. कॉलेजची अनेक मुलं मोबाईलवरूनच दूरच्या लिनक्स सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवतात. तासाभराचं काम निम्म्यावर आलेलं असतं, कनेक्शन तुटतं आणि स्क्रिप्टही बंद पडते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

याचं कारण जुनं आहे. पूर्वी युनिक्सच्या संगणकाला टेलिफोन लाइनवरून टर्मिनल जोडायचे. लाइन तुटली की त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला 'हँगअप', म्हणजे फोन ठेवला, असा सिग्नल जायचा आणि तो बंद व्हायचा. टेलिफोन गेले, सिग्नल तोच राहिला.

अनेकजण कमांडच्या शेवटी & हे चिन्ह टाकून निर्धास्त होतात. पण त्याने स्क्रिप्ट फक्त मागे जाते आणि पुढची कमांड देता येते, इतकंच. कनेक्शन तुटल्यावर ती टिकेलच असं नाही. त्यासाठी कमांडच्या सुरुवातीला एन, ओ, एच, यू, पी ही अक्षरं सलग लिहायची, म्हणजे 'नोहप', आणि शेवटी & ठेवायचं. मग हँगअपचा सिग्नल आला तरी स्क्रिप्ट दाद देत नाही. स्क्रीनवर दिसणारा मजकूर त्याच फोल्डरमधल्या 'नोहप डॉट आउट' या फाईलमध्ये जमा होतो. रेंज आल्यावर ती उघडून बघा.

मध्येच पासवर्ड विचारणारी स्क्रिप्ट मात्र अशी चालत नाही. सर्व्हर रिस्टार्ट झाला तरी काम थांबतंच. सुरू करताना स्क्रीनवर जो मोठा नंबर येतो तो लिहून ठेवा. स्क्रिप्ट बंद करायची असेल तर 'किल' कमांडपुढे तोच द्यावा लागतो.