नायिका की नायकाची बायको?

ऐतिहासिक कादंबरी सुचवताना मुखपृष्ठावर बाईचं चित्र आहे एवढ्यावर भुलू नये. कागदपत्रं गप्प होतात तिथे लेखक काय करतो, ते पाहावं. मॅगी ओफॅरल यांची ‘हॅम्नेट’ (2020) या कसोटीला उतरते. शेक्सपिअरच्या हॅम्नेट या अकरा वर्षांच्या मुलाचं दफन 11 ऑगस्ट 1596 रोजी स्ट्रॅटफर्डला झालं. नोंद तिथेच संपते, मृत्यूचं कारण नाही. बायकोला नवऱ्याच्या मृत्युपत्रात स्पष्टपणे मिळाला तो दुय्यम दर्जाचा एक पलंग! कादंबरीत मात्र ती वनौषधी जाणणारी अ‍ॅग्नेस आहे (तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात हेच नाव आहे) आणि शेक्सपिअरचं नाव एकदाही येत नाही. हा इतिहासाशी खेळ झाला, असं कुणी म्हणेल. पण कादंबरीत मुलाचा प्लेगने होणारा मृत्यू हा आपला तर्क आहे, हे लेखिकेने शेवटच्या टिपेत मोकळेपणाने सांगितलं आहे. फसवणूक होते ती तर्क लपवला की. शिवाय त्या पलंगावरून नावडत्या बायकोची कहाणी रचणारे चरित्रकार तरी दुसरं काय करत होते? श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (1968) ही कादंबरी ज्यांना आवडली, त्यांनी पुढचं पुस्तक म्हणून हेच उचलावं.