कंदील काजळी का धरतो?

2005 नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवतात? तेव्हा सुट्टीत गावी गेलो की कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडे असे. आज पुसलेली काच उद्या पुन्हा काळी! असं का होतं, ते नंतर ज्वलनाचा धडा शिकताना कळलं.

वातीवर रॉकेल जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्योतीच्या आतल्या भागात उष्णता भरपूर असते, पण हवा पोचत नाही. तिथे वाफेचे रेणू तुटून कार्बनचे बारीक कण बनतात. हे कण तापून पिवळे चमकतात. म्हणजे आपण ज्या उजेडात वाचतो, तो या काजळीचाच! ज्योतीच्या कडेला आणि टोकाला पुरेशी हवा मिळाली तर हे कण जळून जातात. नाही मिळाली तर काचेवर आणि छातीत जाऊन बसतात. म्हणून काजळी बाहेर पडण्याआधीच जाळायची, हा खरा उपाय.

कंदिलाची काच नुसती वाऱ्यापासून आडोसा देत नाही. गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. बिनकाचेच्या चिमणीत ही सोय नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार अशा दिव्यात 7 ते 9 टक्के रॉकेलाची काजळी होते. पोरं तिच्याजवळ नाक नेऊन अभ्यास करतात, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय?

1. वात सरळ कापा, कोपरे किंचित गोल करा. वाकडी वात असली की ज्योतीला शिंग फुटतं आणि तिथूनच धूर निघतो.

2. ज्योत बुटकी ठेवा. धूर न होता ज्योत किती उंच जाऊ शकते, त्याला 'धूरबिंदू' म्हणतात. भारतीय मानकानुसार चाचणीच्या दिव्यावर रॉकेलसाठी तो किमान 18 मिलिमीटर हवा. डिझेलची भेसळ असली तर ज्योत लवकर धुरकटते.

3. बर्नरची भोकं ब्रशनं साफ करा. मेलेले किडे आणि वातीची राख हवा अडवतात.

4. काच नीट बसवा, तडकलेली बदला.

दिवा पेटता असताना रॉकेल कधीच भरू नका, आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

वात वर केली की उजेड वाढल्यासारखा वाटतो खरा, पण काच काळवंडली की तासाभरात तोही जातो. बुटकी ज्योत आणि स्वच्छ काच, यातच जास्त उजेड!