संग्राहकाची वाट – लेखांक ७ : सही पाहिली कोणी?

गेल्या आठवड्यात आपण जुना कागद आणि शाई ओळखायला शिकलो. कागद अस्सल, शाईही त्या काळातली, आणि तरीही त्यावरची सही खोटी असू शकते. हे कसं, ते आज पाहू.

सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असेल. त्या वेळी वैताग येतो, पण जिवंत हाताची खूण तीच असते. एका बैठकीत दहा सह्या करून बघा. कुठे वेलांटी लांबते, कुठे शेवटची रेघ आखडते. दोन सह्या तंतोतंत सारख्या यायच्या नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये याच साध्या गोष्टीमुळे एक मोठी फसवणूक उघडी पडली. सायमन अँड शुस्टर या अमेरिकी प्रकाशन संस्थेने गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या ९०० प्रती ‘लेखकाने स्वहस्ते सही केलेल्या’ म्हणून विकल्या. एका प्रतीची किंमत ५९९ डॉलर, आणि सोबत सही अस्सल असल्याचं प्रकाशकाचं पत्र. वाचकांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एकाची सही दुसऱ्याच्या सहीवर रेघ न् रेघ बसली. त्या सह्या ‘ऑटोपेन’ने केलेल्या होत्या. या यंत्राला सहीचा नमुना एकदा दिला की ते खरं पेन धरून तीच सही हवी तितक्या वेळा गिरवतं. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलन यांनीही चूक कबूल करून माफी मागितली. चक्कर येण्याच्या त्रासामुळे आणि कोविडच्या काळात आपण यंत्राची मदत घेतली, असं त्यांनी सांगितलं.

ऑटोपेन वापरणं हा गुन्हा नव्हे. अमेरिकेत राजकारण्यांच्या ढीगभर पत्रांवर त्याच्याच सह्या असतात. सहीचे पैसे घेण्यातही गैर काही नाही. गांधीजी हरिजन फंडासाठी एका सहीचे पाच रुपये घेत. पण यंत्राची सही हाताची म्हणून विकली, तिथे विश्वासघात झाला.

खेळाच्या बाजारात तर हाताने केलेल्या खोट्या सह्यांचा कारखानाच चालला होता. सॅन डिएगोचा बेसबॉलपटू टोनी ग्विन याला स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. त्याने एफबीआयला कळवलं. ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात, जपानला माल पाठवणारे व्यापारी असल्याची बतावणी करत एफबीआयची माणसं टोळीत शिरली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये छापे पडले. टोळीचा मुख्य हात ग्रेग मरिनो बेब रूथ, मिकी मँटल अशा नामवंत बेसबॉलपटूंपासून कुणाचीही सही करी. मदर तेरेसांच्या ‘सही’चे बेसबॉलही त्या मालात निघाले! पुढे साठहून अधिक जण दोषी ठरले.

आता नीट लक्ष द्या. त्या मालासोबत प्रमाणपत्रंही होती. जो खोटी सही करतो, त्याला खोटं प्रमाणपत्र छापायला कितीसा वेळ लागणार? आणि डिलन यांच्या पुस्तकासोबतचं पत्र तर खुद्द प्रकाशकाचं होतं. म्हणून ‘प्रमाणपत्र आहे का?’ या प्रश्नावर थांबू नका. ‘सही होताना कोणी पाहिली?’ हे विचारा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून हाच मार्ग धरला. सही होताना त्रयस्थ माणूस समोर हजर असतो आणि तिथल्या तिथे वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो.

खरेदीपूर्वी त्याच व्यक्तीच्या दोन-चार सह्या मिळवून ताडून पाहा. तंतोतंत जुळणारी सही दिसली तर आनंदून जाऊ नका, सावध व्हा. भिंगाखाली रेघेचा दाब पाहा. माणसाचं पेन वळणावर दाबतं, सुटताना हलकं होतं. यंत्राची रेघ बहुधा सगळीकडे सारख्याच जाडीची असते.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घरी एखादी अस्सल सही असेल, तर ती कधी, कुठे घेतली आणि तेव्हा सोबत कोण होतं, हे वेगळ्या कागदावर लिहून वहीत ठेवा. सहीचा खरा साक्षीदार तुम्ही आहात. तुमच्यामागे ती साक्ष हरवली, तर खऱ्या सहीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

(पुढील लेखांकात : जुनी पत्रं आणि त्यांची पाकिटं)