बोगद्याचे दुसरे टोक

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात राहणाऱ्या रॉब टोपोल्स्की या नेटवर्क-तंत्रज्ञाला ‘बार्बरशॉप’ गायनाचा छंद होता. वाद्यांच्या साथीविना चार आवाजांत गाण्याची ही जुनी अमेरिकी परंपरा. विसाव्या शतकाच्या आरंभीचे असे काही संगीत इतर रसिकांना मिळावे म्हणून त्याने ते आपल्या संगणकावरून बिटटॉरेंटद्वारे खुले केले. मात्र ते कोणाच्याही पदरी पडेना. जोडणी होई आणि क्षणार्धात तुटे. छंद गायनाचा असला तरी पेशा नेटवर्कचा होता. म्हणून त्याने तारेतून जाणारे-येणारे प्रत्येक पॅकेट तपासले. तेव्हा आढळले ते असे, की जोडणी तोडण्याचा संदेश समोरच्या संगणकाने पाठवलेलाच नव्हता. मधल्या कोणीतरी त्याच्या नावाने तो बनवला होता. मे २००७ मध्ये टोपोल्स्कीने आपली निरीक्षणे जाहीर केली. इंटरनेट पुरवणाऱ्या कॉमकास्ट कंपनीने आधी कानांवर हात ठेवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने स्वतःच एक चाचणी घेतली. त्यासाठी निवडलेला मजकूर मोठा मार्मिक होता : १६११ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे किंग जेम्स भाषांतर. त्यावर चोरीचा आरोप कोण करणार? तीनपैकी दोन प्रयत्नांत हस्तांतरण रोखले गेले. तिसऱ्या वेळी ते दहा मिनिटे रखडले. त्यानंतर कंपनीची भाषा बदलली. आपण काहीही अडवत नाही, केवळ काही हस्तांतरणे ‘लांबणीवर टाकतो’, असे ती सांगू लागली.

हे घडत होते कसे? इंटरनेटवरील बहुतेक संभाषण टीसीपी या नियमावलीनुसार चालते. दोन संगणकांपैकी एकाला बोलणे तत्काळ थांबवायचे असल्यास तो ‘रिसेट’ नावाचे छोटेसे पॅकेट पाठवतो आणि दुसरा निमूटपणे जोडणी सोडून देतो. कॉमकास्टच्या जाळ्यात बसवलेली, कॅनडातील सँडव्हाइन या कंपनीची यंत्रे नेमके हेच पॅकेट बनवून दोन्ही बाजूंना धाडत. पोस्टमनने ‘यापुढे पत्रव्यवहार नको’ असे पत्र स्वतःच लिहावे, खाली आपल्या मित्राची सही ठोकावी आणि मित्राच्या घरीही आपल्या सहीने तसेच पत्र टाकावे, तसा हा प्रकार. रहदारी आवरणे निराळे आणि ग्राहकाच्या नावाने खोटे बोलणे निराळे. या प्रकरणातील खरी तक्रार दुसऱ्या गोष्टीची होती.

कंपनीची अडचण मात्र अगदीच बनावट नव्हती. ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये रचलेल्या बिटटॉरेंटमध्ये फाइल एका मोठ्या सर्व्हरवरून येत नाही. तिचे तुकडे शेकडो घरांतील संगणक एकमेकांना देत-घेत राहतात. घेणाराच देणाराही असतो. याउलट केबलचे जाळे मुळात दूरचित्रवाणीसाठी घातलेले. घराकडे येणारा रस्ता रुंद आणि घराबाहेर जाणारा अरुंद. हा अरुंद रस्ताही वस्तीतील अनेक घरांत सामायिक. चार जणांनी दिवसरात्र तुकडे वाटायला घेतले, की शेजाऱ्याच्या दूरध्वनी-संभाषणाला हिसके बसणारच.

या यंत्रांना बिटटॉरेंट ओळखता येण्याचे कारणही गमतीचे आहे. त्याची मूळ जोडणी सुरू होताना पहिला आकडा १९ असतो आणि त्यानंतर ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही इंग्रजी अक्षरे येतात. मधली रिकामी जागा धरून ती बरोबर १९ भरतात. म्हणजे प्रत्येक पाहुणा दारातच आपले नाव खणखणीत आवाजात सांगणार! पॅकेटचा पत्ता वाचून थांबण्याऐवजी आतला मजकूरही चाळणाऱ्या यंत्राला यापेक्षा सोपे काम कोणते?

त्यावर पहिला उपाय झाला तो नाव लपवण्याचा. अझुरियस, म्यूटॉरेंट यांसारख्या लोकप्रिय प्रोग्रॅमांनी २००६ च्या सुमारास आपसांतील बोलणे कूटबद्ध करण्याची सोय दिली. ओळख पटवणारी अक्षरे त्यामुळे दिसेनाशी झाली. तरीही कॉमकास्टच्या ग्राहकांची सुटका झाली नाही, आणि या अपयशातच बोगद्याची आवश्यकता दडलेली आहे. कूटबद्ध झाले होते ते लिफाफ्यातील पत्र. लिफाफा उघडाच होता. कोण कोणाशी, कोणत्या दारातून बोलत आहे, संभाषणाचा क्रमांक कुठवर आला आहे, हे सारे टीसीपीच्या शीर्षभागात स्वच्छ वाचता येई. खोटे रिसेट बनवायला तेवढे पुरते. एकाच घरातून एकाच वेळी असंख्य अनोळखी पत्त्यांशी देवाणघेवाण चालली असेल, तर मजकूर न वाचताही अंदाज बांधता येतो.

कूटबद्ध बोगदा वेगळे काय करतो? तो पत्र लिफाफ्यासकट दुसऱ्या, जाड लिफाफ्यात घालतो. मूळ पॅकेट त्याच्या पत्त्यासह, शीर्षभागासह पूर्णपणे कूटबद्ध होते आणि बाहेर केवळ एकच पत्ता उरतो : दूरवरच्या एका सर्व्हरचा. तेथे वरचा लिफाफा फाडला जातो आणि आतले पॅकेट त्या सर्व्हरच्या नावाने पुढे जाते. उत्तर याच वाटेने परत येते. आतल्या कोणत्या संभाषणाचे रिसेट बनवायचे हेच मधल्या यंत्राला आता कळत नाही. फार तर ते अख्खा बोगदा पाडू शकेल. मात्र त्याच घडणीच्या बोगद्यातून घरी बसलेला बँक-कर्मचारी कार्यालयाचे काम करीत असतो. त्याला दुखावणे कोणत्याही पुरवठादाराला परवडत नाही.

खरे तर हे बोगदे फाइल-वाटपासाठी खोदलेच गेले नव्हते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर तातू उलोनेन या संशोधकाने एसएसएच तयार केले. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करता यावे हा त्याचा हेतू. इतर रहदारी त्यातून वळवण्याची सोय जोडीला आली. शाखा-कार्यालये मुख्यालयाशी जोडण्यासाठी व्हीपीएन आले. २००१ मधील ओपनव्हीपीएन आणि २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले वायरगार्ड ही त्याच घराण्यातली पुढची नावे.

बोगदा म्हणजे अदृश्य होणे, अशी मात्र अनेकांची समजूत असते. बोरघाटात गाडी बोगद्यात शिरली की डोंगरावरच्या माणसाला दिसत नाही. परंतु तोंडाशी उभा असलेला डबे मोजू शकतोच. पुरवठादाराला सर्व्हरचा पत्ता, वेळ आणि एकूण किती माहिती गेली-आली हे दिसत राहते. बोगदा कोणत्या पद्धतीचा आहे हेही बहुधा ओळखता येते. चीनमध्ये या आधारेच व्हीपीएन अडवले जातात. शिवाय वळसा घातल्याने वेग थोडा घटतो. अचानक बोगदा तुटला, तर बेसावध प्रोग्रॅम उघड्या रस्त्यावरून काम चालू ठेवतो, आणि बिटटॉरेंटमध्ये सहभागी असलेल्या प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसत असल्याने घरचा खरा पत्ता क्षणात सर्वांसमोर येतो. बोगदा तुटताच सारी रहदारी थांबवणारी कळ जाणकार आधी चालू करतात ती यासाठीच.

कॉमकास्ट प्रकरणाची पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीची पद्धत अयोग्य ठरवली. दंड केला नाही; वर्षअखेरपर्यंत ती बंद करण्यास सांगितले. त्यानंतर कंपनीने आणलेली रीत साधी होती. वस्तीतील तार तुंबली असेल तेव्हा सर्वाधिक वापर करणाऱ्याला काही काळ मागे ठेवायचे; तो चित्रपट पाहत आहे की तुकडे वाटत आहे, याची चौकशी करायची नाही. या रीतीपुढे बोगदा निरुपयोगी ठरतो, कारण तिला फक्त डबे मोजायचे असतात. बोगद्याने मात करता येते ती रहदारीचा प्रकार पाहून केलेल्या भेदभावावर. त्याची गरज मुळात ज्या लपवाछपवीने निर्माण केली, ती टाळण्याचा मार्ग कंपनीपाशी आरंभापासून होता. पुढे एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला असा आदेश देण्याचा अधिकारच नव्हता, असे ठरवले. त्या देशातील तटस्थतेचा वाद अनेक वळणे घेत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये आयोगाचे २०२४ चे नियमही न्यायालयाने रद्दबातल ठरवले.

भारतात प्रश्न गती रोखण्यापेक्षा थेट बंदीच्या रूपाने अधिक गाजला. मद्रास उच्च न्यायालयाच्या, चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या आदेशाचा आधार घेऊन मे २०१२ मध्ये पुरवठादारांनी टॉरेंट संकेतस्थळांबरोबर व्हिमिओसारखी निरुपद्रवी स्थळेही सरसकट बंद केली. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले, की बंदी ठरावीक पत्त्यांपुरती आहे, संपूर्ण स्थळांसाठी नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये तटस्थतेची तत्त्वे स्वीकारली, त्यात बेकायदा मजकुराला संरक्षण नाही. नव्या चित्रपटाची चोरटी प्रत बोगद्यातून आणली म्हणून १९५७ चा कॉपीराइट कायदा बाहेर थांबत नाही.

आणि बोगद्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असते. पुरवठादाराला जे दिसेनासे झाले, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. सोनी पिक्चर्सवरील सायबर हल्ल्याच्या तपासात २०११ मध्ये ‘हाइड माय अ‍ॅस’ या ब्रिटिश सेवेने न्यायालयीन आदेशानुसार नोंदी दिल्या, आणि लपल्याच्या भरवशावर असलेला हल्लेखोर सापडला. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावे, पत्ते व संपर्क यांची माहिती पाच वर्षे जपण्याचा निर्देश दिला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना त्यातून वगळले. नोंदी न ठेवण्याच्या अटीवरच ग्राहक मिळवलेल्या एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर हटवले. यांपैकी एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतीय पत्ता हवा असलेल्यांसाठी सोय ठेवली, पण तो पत्ता देणारी यंत्रे सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये नेली.